पाचवारी

आमच्या घरी ऋषिपंचमीची भाजी मोठ्या पातेल्यात होते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून परसातलं, कुंपणावरचं, शेजारच्या काकूंच्या मांडवावरचं जे हाताला लागेल ते त्यात जातं. अळूची देठं, लाल माठ, भोपळा, दोडका, सुरण, भिजवलेले शेंगदाणे आणि कणसाचे बोटभर जाडीचे तुकडे. फोडणी नाही. त्या वर्षी मला दोन महिने बरं वाटत होतं, म्हणून मी दोनदा वाढून घेतली. कणसं नुसती चोखून टाकून द्यायची असं मला बजावलेलं होतं. मी दाणे खाल्ले.

रात्री अकराला पहिली कळ आली. ओला टॉवेल दोन हातांनी पिळावा तशी यायची, सुटायची, दहा मिनिटांनी परत. पोट इतकं गुरगुरत होतं की बाहेरच्या खोलीत झोपलेल्या भावाला ऐकू गेलं. पहाटे हिरवी उलटी झाली. पोट मडक्यासारखं ताठ, आणि खालून वारासुद्धा सरेना.

"मी रिक्षा बघतो," आई म्हणाली आणि तशीच पायात चपला अडकवून गेली. (इचलकरंजीच्या माझ्या आईच्या पिढीतल्या बायका 'बघते' म्हणत नाहीत. पुण्यातल्या नर्सना हे शेवटपर्यंत चमत्कारिक वाटलं.)

दवाखान्यात मला उभं करून एक्स-रे काढला. आतड्यात साठलेल्या पाण्याच्या सपाट रेघा एकाखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. नाकातून पोटात नळी गेली, हाताला सलाईन लागलं, आणि पाण्याचा घोटही बंद. चार दिवसांनी वाट आपोआप मोकळी झाली. डॉक्टर म्हणाले, "या वेळी सुटलात. आता सर्जनला दाखवा."

त्या दिवसापर्यंत, सात वर्षं, मी सर्जन हा शब्द टाळत आले होते.

या दुखण्याची आणि माझी ओळख चुकीच्या नावानं झाली. मी २६ वर्षांची होते, पतसंस्थेत नुकतीच लागले होते. पोटात उजवीकडे खाली, अपेंडिक्सच्या जागी दुखायचं. संध्याकाळी अंग कसकसायचं. आठ महिन्यांत अकरा किलो वजन उतरलं. दुर्बिणीची तपासणी झाली, तेव्हा लहान आतडं मोठ्या आतड्याला जिथं मिळतं तिथं व्रण दिसले. तिथला तुकडा तपासायला पाठवला, त्यात ग्रॅन्युलोमा, म्हणजे पेशींच्या बारीक गाठी, निघाल्या. आपल्याकडे एवढं वाचल्यावर कुणाच्याही तोंडून पहिला शब्द टीबी हाच निघणार, आणि तिथवर डॉक्टरांचं चुकलं असं मी आजही म्हणत नाही. पण क्रोन्स नावाचा आतड्याला सूज आणणारा आणखी एक आजार आहे, आणि टीबी काय, क्रोन्स काय, दोन्ही आजारांना आतड्याचा तोच कोपरा आवडतो. दोन्हींत ताप येतो, वजन जातं, आतडं अरुंद होतं. आतड्याच्या तुकड्यात टीबीचे जंतू दर वेळी सापडतातच असं नाही. म्हणून रीत अशी आहे, की शंका असेल तर टीबीची औषधं सुरू करायची आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून बघायचं. व्रण भरले असतील तर टीबी. तसेच असतील तर बहुधा क्रोन्स.

माझी ती दुसरी दुर्बीण झालीच नाही. मला जरा बरं वाटत होतं, भूक लागत होती, मग कशाला पुन्हा पैसे घालवायचे, असं डॉक्टर म्हणाले आणि आम्हालाही ते पटलं. सहा महिन्यांचे नऊ महिने झाले. केशरी लघवी, सांधेदुखी, तोंडाला चव नाही. औषधं संपली आणि दोन महिन्यांत सगळं पहिल्यासारखं. मग परत तेच डॉक्टर, परत 'अजून थोडी वाट बघू'. अशी दीड वर्षं गेली. पुढे मी एका पेपरबद्दल वाचलं. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०२० साली लिहिलेलं होतं, की क्रोन्सच्या ज्या रुग्णांना आधी टीबीची औषधं दिली जातात, त्यांच्यात आतडं अरुंद होण्याचं प्रमाण जास्त दिसतं. टीबीची औषधं आतडं अरुंद करतात असं नव्हे, पण ती चालू असतात तोवर खऱ्या आजाराला कुणी हटकत नाही. ते वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही, खोटं कशाला बोलू.

खरं नाव सांगणारे दुसरे डॉक्टर भेटले तेव्हा आईनं विचारलं, "क्रोन म्हणजे काय?" माणसाचं नाव आहे, असं कळल्यावर तिचा विश्वासच उडाला. माणसाच्या नावाचा आजार तिला खोटा वाटला. १९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी १४ रुग्णांची हकिकत लिहिली. नावं अक्षरक्रमानं छापली गेली आणि पहिलं नाव आजाराला चिकटलं. ते रुग्ण ज्यांच्या हाताखालून गेले त्या सर्जनचं, डॉ. बर्ग यांचं, नाव त्या लेखावर नाहीच. क्रोननं आजार शोधला म्हणावं तर १९१३ मध्येच डॅलझील नावाच्या स्कॉटिश सर्जननं असेच रुग्ण नोंदवून ठेवले होते. आडनाव कोणत्या अक्षरानं सुरू होतं यावर किती काय ठरतं!

या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती आतड्यावर उलटते, इतपत सगळे सांगतात. मला पुढचं कळायला वेळ लागला. सूज आतड्याच्या नुसत्या अस्तरावर राहत नाही, भिंतीच्या आरपार जाते. कधी ती भिंत पोखरत बाहेर पडते आणि शेजारच्या आतड्यात, मूत्राशयात, कातडीत वाट काढते. कधी ती भरून येते, पुन्हा सुजते, पुन्हा भरते, आणि दर वेळी मागे वण ठेवते. वण आक्रसतो. दोन बोटं जाईल एवढी नळी पेन्सिलीएवढी होते. मला स्टेरॉइड झालं, चेहरा चंद्रासारखा गोल झाला. प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन झालं. मग महागडी इंजेक्शनं. ती सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि रक्त तपासून घेतलं, कारण ती इंजेक्शनं शरीरात झोपलेल्या टीबीला जागं करू शकतात. टीबी पुन्हा आमच्या दारात! पण तपासण्या ठीक आल्या, इंजेक्शनं लागू पडली, रक्तातली सूज उतरली, आणि कळा मात्र थांबल्या नाहीत. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, "सूज औषधानं उतरते. वण उतरत नाही."

आणि मग ती ऋषिपंचमी.

पुण्याच्या सर्जननी सीटी स्कॅन उजेडाला धरला. आई शेजारी बसली होती, मांडीवर तिनं स्वतः शिवलेली खाकी पिशवी. माझे सगळे फोटो आणि फाइली मावाव्यात अशा मापाची, आत दोन कप्पे. आई चाळीस वर्षं ब्लाउज शिवते. सर्जन म्हणाले, आतड्याचा शेवटचा वीत-सव्वा वीत भाग पूर्ण वाया गेलाय, तो काढावाच लागेल. वर आणखी दोन ठिकाणी आतडं अरुंद झालंय, पण तिथलं कापायचं नाही. कापत गेलो तर पुढे आतडं पुरणार नाही. हा आजार परत येतो, आणि परत कापायची वेळ आली तर शिल्लक पाहिजे.

"मग त्या दोन जागांचं काय करणार?" मी विचारलं.

त्यांनी लेटरहेडच्या मागं पेननं नळी काढली, मध्ये चिमटलेली. चिमट्यावर उभी रेघ ओढली. "इथं असं उभं कापायचं." मग रेघेच्या दोन्ही कडा बाजूला ओढल्याचं दाखवलं, कापाचा चौकोनी डोळा झाला. "आणि असं आडवं शिवायचं."

मला काही कळलं नाही. आई पुढं सरकली. तिनं पिशवीतून माझाच एक रुमाल काढला, गुंडाळून त्याची नळी केली, मधोमध चिमटीत धरली आणि दुसऱ्या हाताच्या नखानं उभी रेघ मारली.

"म्हणजे बाही दंडाला तटली की करतो तसं," ती म्हणाली. "उंची थोडी जाणार. घेर वाढणार."

सर्जन तिच्याकडे बघत राहिले. "बरोब्बर."

"टाका कसला घालता?"

"एकेक सुटा."

"हां. सलग घातला तर ओढून चुण्या पडतील," आई म्हणाली. आणि माझ्या ऑपरेशनबद्दलची तिची काळजी तिथं निम्मी झाली. माझी नाही झाली, पण ते वेगळं.

घरी येऊन मी या युक्तीच्या मागावर लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाइनेके आणि मिक्युलिच या सर्जननी जठराच्या अरुंद झालेल्या दाराला असाच उभा काप आणि आडवा टाका घातला होता. लहान आतड्याला, तेही आजारी, हे करायला मात्र कुणी धजत नव्हतं. सुजलेल्या भिंतीत टाका टिकेल कसा? क्रोन्सच्या आतड्यावर तोवर दोनच इलाज होते. एक म्हणजे आजारी भाग तसाच ठेवून बाजूनं वाट काढून द्यायची. जून १९५६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांच्यावर हेच झालं. दुसरा म्हणजे कापून टाकायचं, आणि कॅन्सरसारखं चांगलं आतडंही काठाकाठानं भरपूर घ्यायचं, म्हणजे परत येणार नाही, असा समज. तो समज किती महाग होता हे नंतर दिसलं. क्लीव्हलँड क्लिनिकच्या फाझिओ यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत काही रुग्णांचं २ सेंटिमीटर काठ ठेवून कापलं, काहींचं १२. आजार परत येण्यात फरक पडला नाही. १० सेंटिमीटर चांगलं आतडं फुकट.

पण मला थांबवलं ते यामधल्या एका नोंदीनं. १९७७ साली ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत भारतातल्या सर्जननी, कटारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, एक लेख लिहिला. लहान आतडं अरुंद झालेल्या त्यांच्या रुग्णांना त्यांनी कापून न टाकता उभा काप, आडवा टाका केला होता. टाके टिकले. ते रुग्ण क्रोन्सचे नव्हते. टीबीचे होते. १९८२ मध्ये ऑक्सफर्डच्या ली यांनी हीच शस्त्रक्रिया क्रोन्सवर केल्याचं प्रसिद्ध केलं, आणि तिथून ती जगभर गेली, पुण्याच्या त्या लेटरहेडच्या मागच्या बाजूपर्यंत.

मी तो मजकूर दोनदा वाचला. माझी दीड वर्षं टीबीच्या नावावर गेली होती. मनातल्या मनात मी त्या आजाराशी, त्या डॉक्टरांशी, त्या केशरी गोळ्यांशी रोज भांडत होते. आणि माझं आतडं वाचवणारा टाका कुठल्या तरी सरकारी वॉर्डात, टीबीनं खंगलेल्या, माझ्यापेक्षा खूप गरीब असलेल्या माणसांच्या पोटात घालून शिकलेला होता. त्यांना काही पर्याय नव्हता. आधीच कुपोषित, आतडं कापून आणखी कमी केलं तर जगणार कशी, म्हणून कुणी तरी काटकसर केली असणार. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "गरिबाच्याच कापडावर हात बसतो." तिनं हे इतक्या सहज म्हटलं की मला राग आला. तिचा स्वतःचा हात आमच्या जुन्या साड्यांवर बसला होता, हे मला नंतर आठवलं.

ऑपरेशनला सहा आठवडे लागले, कारण आधी मला ऑपरेशनच्या लायक व्हायचं होतं. स्टेरॉइड हळूहळू उतरवलं. ते चालू असताना टाके नीट धरत नाहीत. जेवण बंद, डब्यातली पावडर पाण्यात कालवून दिवसातून सहा वेळा. व्हॅनिलाच्या वासाची मला अजून शिसारी आहे. हिमोग्लोबिन वर आलं, वजन दोन किलो वाढलं.

आदल्या दिवशी एक सिस्टर निळं पेन घेऊन आली. गरज पडली तर पोटावर तात्पुरती पिशवी लावतील, तिची जागा आधीच ठरवायची असते. तिनं मला बसवलं, वाकवलं, उभं केलं.

"ताई, साडी नेसता की ड्रेस?"

"दोन्ही."

"परकराची नाडी कुठं बांधता? दाखवा."

मी दाखवलं. तिनं नाडीच्या रेघेपासून दूर, घडी पडत नाही आणि मला मान खाली घालून दिसते अशी जागा शोधली आणि उजव्या बाजूला गोल काढला. बाकी कुणीही माझ्या आजारात मला कपड्यांबद्दल विचारलं नव्हतं. रात्रभर मी त्या गोलावर हात ठेवून होते. पुसला जाईल म्हणून नव्हे. तिथं काय येईल त्याच्याशी आधीच बोलून घ्यावं असं काहीतरी.

गोल लागला नाही. शुद्धीवर आल्यावर मी पहिला हात तिथं नेला, तर सपाट. शेजारच्या पलंगावर सोलापूरकडच्या एक आजी होत्या, त्यांना मात्र पिशवी होती. त्यांनी आईला ती उघडून दाखवली, कौतुकानंच. आतड्याचं तोंड बाहेर काढून उलटं दुमडलेलं, छोट्या तोटीसारखं पुढं आलेलं. आतला पाचक रस कातडी जाळतो, म्हणून तो थेट पिशवीत पडावा यासाठी ही दुमड. बर्मिंगहॅमच्या ब्रुक नावाच्या सर्जननी १९५२ मध्ये ती सुचवली, त्याआधीच्या रुग्णांची कातडी सोलून निघायची. आईला इतिहास ठाऊक नव्हता. "काठ दुमडलाय की छान," ती म्हणाली, आणि आजी खूश झाल्या. समोरच्या खोलीत एकोणीस वर्षांचा पोरगा होता, बारावीनंतर दोन वर्षं घरीच. त्याचा क्रोन्स गुदद्वारापाशी फुटला होता, एका भोकाची चार झाली होती. सुश्रुतानं भगंदराच्या एका प्रकाराला शतपोनक म्हटलंय, चाळणीसारखा. त्या पोरानं मला तो शब्द सांगितला, हसत. त्याच्या जखमेतून सैल दोरा ओवलेला होता, आतला पू साचू नये म्हणून. तो बसायचा नाही, सतत फेऱ्या मारायचा. माझ्या आजाराला मी नशीबवान म्हणायला त्याच्यामुळं शिकले, आणि त्याची मला लाजही वाटली.

तिसऱ्या दिवसापासून वॉर्डात एकच प्रश्न. सकाळी राउंडला मोठे डॉक्टर, मग छोटे डॉक्टर, मग सिस्टर, मग मामा-मावशी. "गॅस पास झाला का?" आतडं हाताळलं की रुसून बसतं, ते पुन्हा चालू लागल्याची पहिली खूण ही. पतसंस्थेच्या मॅनेजरांचा फोन आला, त्यांनीही विचारलं. तीन चेंडूंच्या प्लॅस्टिकच्या खेळण्यात फुंकर ओढत मी व्हरांड्यात चकरा मारत होते. चौथ्या दिवशी दुपारी झाला. आईनं ही बातमी वॉर्डाच्या दारात उभं राहून सगळ्यांना दिली, सोलापूरच्या आजींनी हात जोडले. संध्याकाळी तांदळाची पेज मिळाली, मीठ घातलेली, चार चमचे. तसं जेवण मी पुन्हा जेवले नाही.

जाताना सर्जननी ऑपरेशनची नोंद वाचून दाखवली. २६ सेंटिमीटर काढलं. तिथला जोड स्टेपलरनं. (फाटलेल्या आतड्याच्या कडा जुळवून त्यांना काळ्या मुंग्या चावायला लावायच्या आणि धड तोडून डोकी तिथंच ठेवायची, असं सुश्रुतानं लिहिलंय. स्टेपलर बघितल्यावर मला तीच आठवली.) वरच्या दोन जागी उभा काप, आडवा टाका. आतून फुग्याची नळी फिरवून आणखी कुठं अडत नाही ना, तेही पाहिलं. आणि शेवटची ओळ: शिल्लक लहान आतडं ४५५ सेंटिमीटर.

"हे का मोजता?" मी विचारलं.

"पुढच्या सर्जनसाठी." दोनशेच्या खाली गेलं की अन्न अंगी लागेनासं होऊ शकतं, असंही ते म्हणाले. जे काढलं तो आतड्याचा शेवट, बी-ट्वेल्व्ह शोषून घेणारा, म्हणून त्याच्या पातळीवर लक्ष ठेवायचं, लागलं तर इंजेक्शन. पित्तही तिथंच परत शोषलं जातं, ते आता थोडं खाली जाईल, जुलाब होतील, त्याची पावडर लिहून दिली.

आई बोटांवर काहीतरी मोजत होती. "चारशे पंचावन्न म्हणजे किती वार?"

मी फोनवर काढलं. "पाचला थोडं कमी."

"पाचवारी आहे की अजून," ती म्हणाली, आणि नोंदीचा कागद पिशवीच्या पुढच्या कप्प्यात घातला, जिथं ती ऐनवेळी लागणारे पैसे ठेवते.

ऑपरेशननं आजार जात नाही. हे मला सगळ्यांनी आधी सांगितलं होतं, तरी डिस्चार्जनंतर पेढे आणायला भाऊ निघालाच. दुर्बिणीतून बघितलं, तर बऱ्याच जणांच्या जोडापाशी वर्षभरातच नवे व्रण दिसू लागतात, दुखायला लागण्याच्या कितीतरी आधी. म्हणून दुखायची वाट न बघता सहा महिन्यांनी दुर्बीण घालतात. या वेळी ती मी चुकवणार नव्हते. इंजेक्शनं चालू ठेवली. पतसंस्थेतला एक सहकारी मला चहाच्या वेळी टपरीपाशी सोबत न्यायचा, त्याच्या सिगारेटच्या धुरातून मी बाजूला झाले, कारण क्रोन्सला तंबाखू अजिबात सोसत नाही. पुढे ऋषिपंचमी आली. आईनं माझी भाजी वेगळ्या पातेलीत केली, भोपळा आणि सोललेला दोडका, गाळणीतून काढलेलं अळू. कणसाचा एक तुकडा तिनं त्यात शिजवला आणि वाढताना काढून घेतला. वासापुरता.

सहा महिन्यांची दुर्बीण झाली तेव्हा गुंगी हलकी होती आणि स्क्रीन माझ्या बाजूला वळलेला होता. ओला, गुलाबी बोगदा. मग एक वळण, आणि तिथं अंगच्या गुलाबीपेक्षा फिकट अशी गोल रेघ. डॉक्टर म्हणाले, हा जोड. पलीकडे दोन बारीक पांढरे ठिपके होते. "हे छोटे व्रण आहेत. एवढ्यांवर घाबरायचं नाही. औषध तेच ठेवू, वर्षानं परत बघू."

बाहेर आई पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली होती.

"काय दिसलं?"

"दोन ठिपके आहेत. आणि शिवण दिसली."

"चुण्या पडल्यात?"

"नाही. सपाट आहे."

"मग हात चांगला आहे त्यांचा," ती म्हणाली, आणि रिपोर्ट ठेवायला कप्पा उघडला.